आयगेनव्हॅल्यू म्हणजे ज्याचा त्याचा आकडा

ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला आहे, त्या घरात 'मॅथ्स'चा पेपर हा शब्द दबक्या आवाजातच उच्चारला जातो. बाकीचे विषय सुटतात, गणित राहते. केटी लागते, पुन्हा फी भरावी लागते, वर्ष लांबते. वर्ष लांबले की शेजारीपाजारी विचारू लागतात, 'अजून किती दिवस शिकणार?' डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांचे हाल तर अधिकच. पहिल्या वर्षाचे गणित त्यांचे झालेले नसते, आणि वर्गात ते झालेले आहे असे धरूनच पुढे शिकवले जाते.

अशा वेळी आई-वडिलांनी काय करावे? वडील कारखान्यात, आई चार घरची कामे करणारी. दोघांनाही वाटते की हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. मुलाला विचारावे तर तो म्हणतो, 'तुम्हाला नाही कळायचं.' आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा त्यालाही कळलेले नसते. त्याला रीत पाठ असते; त्या रीतीचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. आणि अर्थ न कळता पाठ केलेली रीत परीक्षेच्या दिवशी एका चिन्हाच्या चुकीने कोसळते.

म्हणून आज या सदरात आम्ही एकच शब्द घेतला आहे. इंजिनिअरिंगच्या गणितात तो हमखास येतो आणि मुलांना हमखास घाबरवतो. तो शब्द म्हणजे 'आयगेनव्हॅल्यू'. आमची विनंती एवढीच की, हा लेख घरातील मोठ्यांनीही वाचावा. यात बेरीज, गुणाकार आणि शेकडेवारी यांपलीकडचे फारसे काही लागणार नाही.

प्रथम नावाचा उलगडा करू. 'आयगेन' हा जर्मन शब्द आहे. त्याचा अर्थ 'स्वतःचा'. 'व्हॅल्यू' म्हणजे किंमत, मूल्य, हे इंग्रजी. अर्धा जर्मन आणि अर्धा इंग्रजी असा हा जोडशब्द आहे. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०४ साली 'आयगेनव्हेर्ट' हा शब्द वापरला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. इंग्रजी पुस्तकांत याच गोष्टीला कुठे 'कॅरॅक्टरिस्टिक रूट' म्हटलेले आढळते, तर कुठे 'लेटन्ट रूट'. मुले समजतात की या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तसे नाही. वस्तू एकच, नावे तीन. आपल्या भाषेत साधेपणाने सांगायचे तर 'ज्याचा त्याचा स्वतःचा आकडा'.

आता हा आकडा डोळ्यांनी पाहू. सायकलची जुनी ट्यूब घरात किंवा पंक्चरवाल्याकडे मिळेल. तिची चार सेंटीमीटर रुंदीची लांब पट्टी कापा. पट्टीच्या मधोमध बॉलपेनने तीन रेघा काढा. एक लांबीच्या दिशेने, दहा सेंटीमीटरची. दुसरी आडवी, पट्टीच्या पूर्ण रुंदीइतकी, म्हणजे चार सेंटीमीटरची. तिसरी तिरकी. आता दोघांनी दोन टोके धरून पट्टी ओढा आणि दहा सेंटीमीटरची रेघ पंधरा सेंटीमीटर होईपर्यंत ताणा.

काय दिसते? लांबीची रेघ लांब झाली, पण तिची दिशा तीच राहिली. दहाची पंधरा झाली, म्हणजे दीडपट. आडवी रेघ आखूड झाली, साधारण सव्वातीन सेंटीमीटर. म्हणजे सुमारे ०.८२ पट. दिशा मात्र तिचीही बदलली नाही. तिरक्या रेघेचे तसे झाले नाही. ती लांबली आणि कललीही. ताणाच्या दिशेकडे झुकली.

म्हणजे पट्टी ओढली तेव्हा बहुतेक सगळ्या दिशा वळल्या. दोन मात्र वळल्या नाहीत, फक्त कमीजास्त झाल्या. या न वळणाऱ्या दिशा म्हणजे त्या ताणाच्या 'आयगेनव्हेक्टर'च्या दिशा. आणि त्या दिशेला गोष्ट किती पट झाली, तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. इथे दोन आयगेनव्हॅल्यू आहेत: १.५ आणि ०.८२. एवढे कळले की शब्दाचा अर्थ कळला. बाकी राहिला तो हिशेब.

पुस्तकात रबराच्या पट्टीऐवजी 'मॅट्रिक्स' असते. मॅट्रिक्स म्हणजे कंसात ओळींनी मांडलेला आकड्यांचा चौकोन. मुले त्याला नुसता चौकोनच समजतात, आणि घोटाळा तिथेच होतो. मॅट्रिक्स ही एक क्रिया आहे. तिला आकड्यांची एक जोडी द्यावी, ती आकड्यांची दुसरी जोडी परत देते. जसे आपण ताणावे आणि रेघ बदलावी. ज्या जोडीला मॅट्रिक्स वळवीत नाही, नुसते ठरावीक पटीने गुणते, ती जोडी आयगेनव्हेक्टर. जितक्या पटीने गुणते, ती पट आयगेनव्हॅल्यू.

ही पट उणे आली तर घाबरू नये. उणे म्हणजे रेघ तीच, फक्त तोंड उलट्या बाजूला. पट शून्य आली तर त्या दिशेला सगळे चपटे झाले. म्हणूनच अशा मॅट्रिक्सचे 'इन्व्हर्स' निघत नाही, कारण चपटे झालेले पुन्हा फुगवता येत नाही. आणि उत्तरात उणे एकाचे वर्गमूळ आले तर त्यात फिरणे आहे असे समजावे. जाते फिरवले की त्यावर काढलेली प्रत्येक रेघ वळते, जागची अशी एकही राहत नाही. म्हणून साधा आकडा मिळत नाही.

आता एक हिशेब करू. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे गावात आणि संसार शहरात, म्हणून उदाहरणही त्याचेच घेतो. आकडे मात्र केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. समजा, एक गाव आणि एक शहर, दोन्हींत मिळून ३००० कुटुंबे. दरवर्षी गावातील शंभरांपैकी १० कुटुंबे शहरात जातात, आणि शहरातील शंभरांपैकी ५ कुटुंबे गावी परततात. सुरुवातीला सगळी ३००० कुटुंबे गावातच आहेत.

पहिल्या वर्षी गावातून ३०० गेली. गावात राहिली २७००, शहरात झाली ३००. दुसऱ्या वर्षी गावातून २७० गेली, शहरातून १५ परतली. गावात २४४५, शहरात ५५५. तिसऱ्या वर्षी याच रीतीने गावात सुमारे २२२८ उरतात. असे करत करत गाव रिकामे होणार का? नाही. गावात १००० आणि शहरात २००० झाली की गावातून १०० जातात आणि शहरातून १०० परततात. त्यानंतर आकडे हलत नाहीत.

इथे थांबून नीट पाहा. १००० आणि २००० ही जोडी अशी आहे की वर्ष उलटले तरी ती तशीच राहते. म्हणजे ती एक पट होते. ही झाली पहिली आयगेनव्हॅल्यू: १. आता गावात या १००० पेक्षा जास्त किती कुटुंबे होती ते मोजा. सुरुवातीला २०००. एका वर्षाने १७००. दोन वर्षांनी १४४५. तीन वर्षांनी सुमारे १२२८. प्रत्येक वेळी मागचा आकडा गुणिले ०.८५. मधले कोणतेही वर्ष घ्या, पट तीच. ही झाली दुसरी आयगेनव्हॅल्यू: ०.८५.

पहिला आकडा सांगतो की शेवटी गाडी कुठे थांबणार. दुसरा सांगतो की तिथे पोहोचायला किती वेळ लागणार, ०.८५ ने दहा वर्षे गुणले की फरक साधारण पाचव्या हिश्शावर येतो. आणि सुरुवात कशीही करा, सगळी ३००० कुटुंबे शहरात ठेवून करा, शेवट तोच आणि वेगही तोच. म्हणजे हे दोन आकडे सुरुवातीचे नाहीत, माणसांच्या संख्येचेही नाहीत. ते त्या येण्याजाण्याच्या पद्धतीचे स्वतःचे आहेत. 'आयगेन' म्हणजे 'स्वतःचा' हे नाव किती नेमके आहे, ते इथे लक्षात यावे.

पुस्तकात याच उदाहरणाचे मॅट्रिक्स असे होईल: वरच्या ओळीत ०.९० आणि ०.०५, खालच्या ओळीत ०.१० आणि ०.९५. गावात राहणारे ०.९०, शहरातून येणारे ०.०५, शहरात जाणारे ०.१० आणि शहरात राहणारे ०.९५. आता पुस्तकातील रीत: कर्णावरील दोन आकड्यांतून 'लॅम्डा' वजा करा, निश्चयक काढा आणि तो शून्याबरोबर मांडा. मुले हे यंत्रासारखे करतात. पण शून्यच का? अर्थ सोपा आहे. ज्या दिशेला मॅट्रिक्स लॅम्डापट करते, त्या दिशेतून लॅम्डापट वजा केली तर काय उरेल? शून्य. म्हणजे ती दिशा चपटी झाली. आणि जे मॅट्रिक्स एखादी दिशा चपटी करते त्याचा निश्चयक शून्य असतो. लॅम्डाची जी किंमत असे घडवते, तीच आयगेनव्हॅल्यू.

आपल्या उदाहरणात समीकरण येते: लॅम्डाचा वर्ग, उणे १.८५ लॅम्डा, अधिक ०.८५, बरोबर शून्य. नववी-दहावीच्या वर्गसमीकरणाने ते सुटते. उत्तरे १ आणि ०.८५. आपण बोटांवर मोजून काढलेलीच!

उत्तर बरोबर आहे का, हे तपासण्याच्या दोन सोप्या युक्त्या मुलांनी जन्मभर लक्षात ठेवाव्यात. एक, सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज ही कर्णावरील आकड्यांच्या बेरजेइतकीच असते. इथे ०.९० अधिक ०.९५ म्हणजे १.८५, आणि १ अधिक ०.८५ म्हणजेही १.८५. दोन, त्यांचा गुणाकार हा निश्चयकाइतका असतो. इथे निश्चयक ०.८५ आणि गुणाकारही ०.८५. परीक्षेत एक मिनिट खर्चून हे दोन्ही ताडून पाहिले, तर चिन्हाची चूक बहुधा तिथेच सापडते.

या सगळ्यातून एक व्यवहाराचा नियम निघतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने बदलत असेल, तर तिच्या सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूकडे पाहावे. ती एकापेक्षा जास्त असेल तर गोष्ट वाढत जाईल. एकापेक्षा कमी असेल तर विझत जाईल. बरोबर एक असेल तर टिकून राहील. शेकडा ३ रुपये महिना व्याजाने घेतलेले कर्ज फेडलेच नाही आणि व्याज मुद्दलात चढत गेले, तर दरमहा रक्कम १.०३ पट होते. एकापेक्षा जास्त फक्त तीन शतांश! पण चोवीस महिन्यांत १०० रुपयांचे २०३ होतात. आकडा एकाच्या किती वर आहे यापेक्षा तो एकाच्या वर आहे की खाली, हा प्रश्न आधी विचारावा.

२०२० साली कोविडच्या दिवसांत रोज 'आर'चा आकडा कानांवर पडत असे. एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, तो हा आकडा. पण समाजात सगळे सारखे नसतात. मुले मुलांत जास्त मिसळतात, कामावर जाणारे लोकलमध्ये नि कारखान्यात मिसळतात, म्हातारी माणसे घरात असतात. मग एकच आकडा कसा काढायचा? कोणत्या गटातला रोगी कोणत्या गटातल्या किती जणांना रोग देतो, याचे मॅट्रिक्स मांडतात आणि त्याची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू काढतात. ही रीत डीकमन, हेस्टरबीक आणि मेट्झ या डच गणितींनी १९९० साली मांडली. साथीच्या सुरुवातीला हा आकडा एकाच्या वर असेल तर साथ पसरते, खाली आणला तर ती विझते. मुखपट्टी, अंतर आणि लस यांची सगळी धडपड हा आकडा एकाच्या खाली आणण्यासाठीच होती.

इंटरनेटवर काही शोधताना आपण मोबाईलवर 'गूगल' करतो. त्याच्या मुळाशीही आपले गाव-शहराचेच गणित आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली अशी कल्पना मांडली की, एखादा माणूस इंटरनेटच्या एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथल्या दुव्यांवरून सतत उड्या मारत हिंडतो आहे. बऱ्याच उड्यांनंतर तो कोणत्या पानावर किती वेळ सापडेल? ज्या पानावर जास्त, ते पान महत्त्वाचे. आपल्याकडे दोन वस्त्या होत्या. त्यांच्याकडे कोट्यवधी पाने. पण शोध तोच: जी वाटणी उड्यांनंतरही बदलत नाही, म्हणजे आयगेनव्हॅल्यू एकची वाटणी. गूगल आज इतर अनेक गोष्टीही पाहते, परंतु सुरुवात या गणिताने झाली.

आता आयगेनव्हॅल्यूचा दुसरा मोठा उपयोग पाहू. तो थरथरीचा, कंपनाचा आहे. अंगणातील झोका घ्या. मूल बसवून ढकला. तुम्ही हळू ढकला की जोरात, एका झोक्याला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. तो वेळ ढकलणाऱ्याचा नसतो, झोक्याचा स्वतःचा असतो. नेमक्या त्या तालात ढकलत राहिले तर थोड्या जोरानेही झोका उंच जातो. झोक्याला असा ताल एकच. पण अनेक भागांची वस्तू असली की तिचे स्वतःचे तालही अनेक असतात. वजन आणि ताठपणा यांची मॅट्रिक्स मांडून तिच्या आयगेनव्हॅल्यू काढतात, आणि त्यांच्या वर्गमूळावरून हे ताल निघतात.

हलगीचे उदाहरण घ्या. वाजवण्यापूर्वी ती शेकतात. शेकली की कातडे ताणले जाते आणि आवाज चढतो. पण हलगीतून तबल्यासारखा सूर मात्र लागत नाही. असे का? सारख्या जाडीच्या, गोल ताणलेल्या पडद्याचे स्वतःचे ताल १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा प्रमाणात येतात. कानाला सूर वाटायला ते १, २, ३, ४ असे पूर्ण पटीत यावे लागतात. शेकल्याने सगळे ताल एकाच प्रमाणात चढतात. त्यांचे आपसातील प्रमाण तेच राहते. म्हणून कितीही शेकली तरी हलगी कडाडेल, पण सुरात लागणार नाही.

तबल्याच्या कारागिराने मात्र वेगळा उपाय शोधला. पुडीच्या मध्यभागी तो शाई लावतो: लोखंडाचा कीस आणि खळ यांचे मिश्रण, थरावर थर, दगडाने घोटून. मध्ये वजन वाढले की प्रत्येक थरथर सारखी मंद होत नाही. ज्या थरथरीत मधला भाग जास्त हलतो, ती जास्त मंद होते. त्यामुळे तालांचे प्रमाणच बदलते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी मृदंग-तबल्याचा अभ्यास करून १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात टिपण लिहिले आणि पुढे १९३० च्या दशकात सविस्तर संशोधन प्रसिद्ध केले. या वाद्यांचे पहिले पाच स्वर १, २, ३, ४, ५ या प्रमाणाच्या अगदी जवळ येतात, हे त्यांनी दाखवले.

याचा अर्थ काय? ज्या कारागिराने कधी मॅट्रिक्स पाहिले नाही, त्याने कानाने नि बोटांनी आयगेनव्हॅल्यू जागच्या हलवून सुरात बसवल्या. शास्त्रज्ञाने नंतर येऊन त्याचे गणित सांगितले. गणित हे फक्त मोठ्या लोकांच्या डोक्यात असते आणि कष्ट करणाऱ्याच्या हाताला त्याचा गंध नसतो, असे ज्यांना वाटते त्यांनी तबल्याची शाई जवळून पाहावी.

वाद्यात ताल चुकला तर मैफल बिघडते. इमारतीत चुकला तर माणसे मरतात. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशात मोठा भूकंप झाला. त्याचे केंद्र राजधानी मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर, समुद्रकिनाऱ्याजवळ होते. तरीही राजधानीत हजारो माणसे दगावली. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर उभा आहे. तो गाळ साधारण दोन सेकंदांना एक हेलकावा या तालात हलू लागला. इमारतीचा स्वतःचा ताल ढोबळमानाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग धरतात. तडे गेले की तो आणखी संथ होतो. त्यामुळे सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचा ताल गाळाच्या तालाशी जुळत गेला. त्याच सर्वांत जास्त कोसळल्या. बुटकी घरे आणि त्याहून उंच इमारती तुलनेने वाचल्या. बांधकामातील उणिवा होत्याच. पण कोणत्या इमारतींवर घाला जास्त पडला, हे या तालाने ठरवले.

आज भारतीय मानक १८९३ या भूकंपविषयक नियमावलीप्रमाणे इमारतीचा आराखडा करताना तिचा स्वतःचा कालावधी विचारात घ्यावाच लागतो. दहा मजल्यांची इमारत म्हणजे ढोबळपणे दहा ओळींचे मॅट्रिक्स, दहा आयगेनव्हॅल्यू. वर्गात कंटाळून सोडवलेले तेच गणित उद्या एखाद्याच्या घराचे छत सावरणार असते.

लंडनमधील मिलेनियम पुलाची गोष्टही अशीच आहे. थेम्स नदीवरचा हा पादचारी पूल १० जून २००० रोजी खुला झाला. माणसे चालू लागली आणि पूल डावीकडे-उजवीकडे डोलू लागला. चालताना आपले वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जाते. डावे-उजवे मिळून सेकंदाला साधारण एक फेरा. पुलाच्या आडव्या डोलण्याचे काही ताल याच्या जवळपास होते. पूल डोलला की माणसे तोल सांभाळायला त्याच तालात पाय टाकू लागली आणि डोलणे वाढत गेले. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, म्हणजे पट एकाच्या वर! दोनच दिवसांत पूल बंद करावा लागला. मग त्याला मोटारसायकलच्या शॉकअब्सॉर्बरसारखी धक्के शोषणारी ऐंशीहून अधिक उपकरणे बसवली. आता प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो, पट एकाच्या खाली आली. २००२ साली पूल पुन्हा खुला झाला.

कर्ज, साथ, पूल, वाद्य, गाव आणि शहर, या गोष्टींचा एकमेकांशी वरवर काहीच संबंध दिसत नाही. पण प्रत्येकीच्या पोटात तिचा स्वतःचा आकडा आहे, आणि तो आकडा काढण्याची रीत एकच आहे. मुलाने ती रीत शिकावी, पाठही करावी. आमचा पाठांतराला विरोध नाही. मात्र आधी अर्थ आणि मग रीत, हा क्रम उलटू देऊ नये.

आई-वडिलांना आमचे सांगणे आहे की, मुलगा किंवा मुलगी हे गणित सोडवायला बसली की तिला तीन प्रश्न विचारा. पहिला, 'हे मॅट्रिक्स कोणती दिशा वळवत नाही?' दुसरा, 'त्या दिशेला किती पट करते, आणि ती पट एकाच्या वर की खाली?' तिसरा, 'हेच पुन्हा पुन्हा केले तर शेवटी काय होईल?' उत्तर बरोबर की चूक, हे तुम्हांला ठरवायचे नाही. आपल्या साध्या भाषेत तिला सांगता आले, तर तिला समजले आहे. सांगता येईना, तर अजून एकदा पुस्तक उघडायला हवे, हे तिचे तिलाच कळेल.

विद्यार्थ्यांनीही एक करावे. तीन ओळींच्या मॅट्रिक्सवर उडी मारण्यापूर्वी दोन ओळींची दहा उदाहरणे स्वच्छ कागदावर सोडवावीत. प्रत्येक उत्तर बेरीज आणि गुणाकाराच्या युक्तीने ताडून पाहावे. मग आयगेनव्हेक्टरला मूळ मॅट्रिक्सने गुणून, तो खरेच न वळता तितकी पट होतो का, हे पाहावे. वस्तीतील अभ्यासिकेत दोघे-तिघे एकत्र बसून एकमेकांना समजावून सांगत केले तर आणखी चांगले. ज्यांचा हा पेपर राहिला आहे, त्यांनी पुढचा फॉर्म भरण्याआधी आठ दिवस फक्त या एका धड्याला द्यावेत. हा धडा नीट कळला की मॅट्रिक्सच्या बाकीच्या प्रकरणांतील निम्मी भीती आपोआप जाते, असे आम्हांस वाटते.